इस्माईलभाईंची कॉइल चांगली होती

अण्णा,

तुझा तेरावा होऊन आज दहा दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले. गॅरेजचं शटर मी रोज सकाळी वर करते, झाडून घेते आणि परत खाली ओढते. काल एक जण विचारत होता, "शालनबाय, सामान इकनार हाय का?" मी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते त्यालाही कळलं नाही आणि मलाही.

तुला कधी पत्र लिहिलं नव्हतं, कारण तू कधी लांब गेलाच नाहीस. आणि बोलायचं ते मी तोंडानं बोलले नाही. म्हणून आता हे वहीत.

बावीस वर्षांपूर्वी सासर सोडून परत आले तेव्हा मी कुणाशी बोलत नव्हते. तू जतच्या सासरहून मला थेट इथं रहिमतपूरला, तुझ्याकडं आणलंस. आपल्या गावात लोक विचारतील आणि मला उत्तर द्यावं लागेल, म्हणून. तिथं काय झालं ते तू एकदाही विचारलं नाहीस. मागच्या पडवीत एक गंजलेली पेट्रोलची टाकी ठेवलीस, हातात पॉलिश पेपर दिलास आणि म्हणालास, "घास." मी तीन दिवस घासत होते. चौथ्या दिवशी तू प्रायमरचा डबा आणून ठेवलास. तिथून पेंटचं काम माझं झालं. पुढं गॅरेजात गिऱ्हाईक, मागं पडवीत मी. मधे गोणपाटाचा पडदा. त्या पडद्याचे उपकार मी अजून विसरले नाही, आणि आता वाटतं, तो पडदाच मला नडला.

पडद्याआडून मी तुझं सगळं ऐकायची. जुन्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर लोक म्हणायचे, नवीन बॅटरी टाका. तू म्हणायचास, "बॅटरी आजारी न्हाई, उपाशी हाय." एकदा मी भाकरी घेऊन आले तेव्हा तू मला समजावून सांगितलं होतंस. इंजिनातली कॉइल म्हणजे विहीर. आरआर युनिट म्हणजे पाणी बेताबेतानं सोडणारा माणूस. बॅटरी म्हणजे वाफा. मी विचारलं, "आन् अर्थिंग?" तू घास चावत म्हणालास, "आर्थिंग म्हंजे पाटाचा बांध. त्यो फुटला की हिरीला कितीबी पानी आसूदे, वाफा कोरडाच."

मला ते इतकं नीट कळलं होतं, अण्णा. हेच तर दुःख आहे.

इस्माईलभाईंबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे. तू नाव काढू द्यायचा नाहीस, पण आता तू मला थांबवू शकत नाहीस.

बाजारगल्लीत त्यांचं वाइंडिंगचं दुकान आणि स्टँडच्या रस्त्याला तुझं गॅरेज. तुम्ही दोघं सांगलीला एकाच उस्तादाकडं शिकलात, एका ताटात जेवलात. त्यांनी विहिरीच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायची, तू गाड्या खोलायच्या, आणि गाडीची कॉइल जळाली की ती त्यांच्याकडंच. दुपारी येऊन ते तुझ्या बाकड्यावर बसायचे आणि तुझी खोडी काढायचे. तू मीटर वापरायचा नाहीस, दोन वायरींचा बल्ब लावून उजेडावरून ओळखायचास. ते म्हणायचे, "बाळू, तुझा बल्ब आन् तुझी भन, दोगंबी बोलत न्हाईत. नुसता उजेड पाडत्यात." पडद्याआड मला हसू यायचं. माझी कुणी थट्टा केलेली मला तेवढीच आवडायची.

शेवटी त्यांनीच तुला मीटर आणून दिलं. "शिक आता तरी, म्हाताऱ्या," म्हणाले. "काळं टोक बॅटरीच्या मायनसला, तांबडं युनिटच्या आंगाला. गाडी चालू. शून्य याया पायजे. आकडा हलला म्हंजे आर्थिंग मेलं." तू मीटर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलंस. मी चहाचे कप उचलत होते. मी मात्र ते लक्षात ठेवलं. चौथी झालेल्या बाईला आकडे तेवढे वाचता येतात.

मग सुभेदार काकांची मोटारसायकल आली. पलटणीत असताना घेतलेली, त्यांच्या थोरल्या मुलाच्या वयाची. दसऱ्याला तिची पूजा करायची होती, तीही नवीन करून. तू सगळं इंजिन उतरवलंस. कॉइल इस्माईलभाईंनी भरून दिली. चेसीस माझ्याकडं आली, काळ्या रंगासाठी.

त्या गाडीच्या आरआरला अर्थिंगची वेगळी वायर नव्हती. ते युनिट चेसीसला ज्या बाहेर आलेल्या पत्र्याच्या कानावर बोल्टानं बसतं, तिथल्या उघड्या लोखंडातूनच त्याचं अर्थिंग. ती रुपयाएवढी जागा तू स्वतः घासून लख्ख केलीस, वर चिकटपट्टी लावलीस आणि म्हणालास, "शाले, हितं रंग न्हाई."

मी चिकटपट्टी काढली, अण्णा.

दोन हात मारून झाले होते. सगळी चेसीस आरशासारखी चमकत होती आणि मधेच ती एक जागा. पट्टीच्या कडेनं पुन्हा तांबूस गंज धरायला लागला होता. उद्या खंडेनवमी, परवा दसरा. त्या गाडीला हळदकुंकू लागणार, झेंडूची माळ चढणार, सुभेदारांच्या घरातली बाई तिला ओवाळणार. पूजेच्या वस्तूवर डाग ठेवायचा कसा? आपल्या आईनं तडा गेलेला नारळसुद्धा कधी पूजेत ठेवला नाही. मला वाटलं, एवढ्याशा जागेनं काय होतंय, आणि बोल्ट तर लोखंडाचाच आहे. कानाला, भोकाला, मागच्या बाजूला, सगळीकडं जाडसर रंग दिला. तू दुसऱ्या दिवशी घाईत युनिट बसवलंस. तू स्वतः ती जागा घासली होतीस, म्हणून तू तिकडं पाहिलंच नाहीस. माझ्यावरही तुझा विश्वास होता.

दसरा झाला. पाचव्या दिवशी सुभेदार काका गाडी ढकलत आले. मागं काकू, हातात चपला.

"मेस्त्री, शत्रूनं आडवलं न्हाई आमास्नी कवा, तुमी जोडलेल्या गाडीनं आडवलं," ते म्हणाले. दिवा विझला होता, हॉर्न घोगरा झाला होता, बॅटरी पार बसली होती.

तू बॅटरी बाहेर चार्ज करून बसवलीस. चार दिवसांत परत तेच. तू नवीन युनिट लावून बघितलंस. ते त्याच रंगवलेल्या कानावर बसलं, मग ते तरी काय करणार? युनिट नाही म्हणजे कॉइल, असा तू हिशोब मांडलास. बल्ब लावलास. भर उन्हात तो पिवळा दिसला आणि तुझी खात्री झाली. इस्माईलभाईंनी एक शब्द न बोलता कॉइल दुसऱ्यांदा भरून दिली. तरी बॅटरी उपाशीच.

त्या दिवशीचं भांडण मी पडद्याआडून ऐकलं. तेव्हा माझा रंगच नडतोय हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं, हे देवाशपथ खरं.

"तार कंची घातलीस?" तू विचारलंस.

"दर टायमाला घालतो तीच."

"मग गाडी चार्जिंग का घेत न्हाई?"

"ती कॉइल मी मीटरवर बघितल्याबिगर देत न्हाई, बाळू. तुझं दुसरीकडं कायतरी हाय. आर्थिंग बघ."

"आर्थिंग मी माझ्या हातानं घासलंय! मला शिकवतोस व्हय रं?"

"शिकवत न्हाई. बघ म्हनतोय."

"हलकी तार घालतोस आन् वर मला बघाय सांगतोस?"

बाकड्यावरून उठताना इस्माईलभाईंच्या गुडघ्याचा आवाज आला, तेवढाच. ते पुन्हा त्या बाकड्यावर बसले नाहीत.

तू कॉइल भरून घ्यायला सांगलीला पाठवलीस. ती आली, तू बसवलीस, गाडी चालू केलीस आणि सुभेदारांना फोन करून जगूच्या चहाच्या टपरीवर त्यांना आणायला गेलास. गाडी पडवीत फटफट करत उभी होती. मी एकटीच होते. का कोण जाणे, फळीवरचं ते फडकं सोडलं. बॅटरीवर मीटर लावलं, ॲक्सिलेटर पिळला. आकडा बाराच्या पुढं जाईना. सांगलीची कॉइलही तशीच. मग काळं टोक मायनसला आणि तांबडं युनिटच्या अंगाला. शून्य यायला पाहिजे होतं. आकडा हलत होता.

मी गाडी बंद केली, दहाच्या पान्यानं बोल्ट काढला, भाजीच्या सुरीनं तो कान पुढून मागून खरवडला आणि युनिट परत आवळून बसवलं. गाडी चालू केली. ॲक्सिलेटर पिळला तसा आकडा चढत चढत चौदावर गेला आणि तिथं थांबला.

तेवढ्यात तू आलास. हॉर्न दाबलास. तो असा वाजला की काका दचकले. तुझा चेहरा उजळला. "बघितलंसा? सांगलीची कॉइल! म्हनलं नव्हतं मी?" आणि मला आत हाक मारलीस, "शाले, च्या टाक. आज लय बरं वाटलं बघ."

मी चहा टाकला. सुरीला काळा रंग लागला होता, ती धुतली. तेव्हाच बोलायला हवं होतं. बाहेर सुभेदार होते, जगू होता, अजून दोघं होते. मी म्हटलं, ते गेले की सांगेन. ते गेल्यावर म्हटलं, तू जेवलास की सांगेन. जेवताना तू इतका खुशीत होतास की म्हटलं, उद्या. पण तू त्याच संध्याकाळी टपरीवर सगळ्यांना सांगून आलास की इसम्या हलकी तार घालतो. उद्यापर्यंत गोष्ट माझ्या हातातून निघून गेली होती. आता खरं सांगायचं म्हणजे तुला चार माणसांत खोटं पाडायचं. ज्यानं मला चार माणसांपासून झाकलं त्याला.

त्याला चार वर्षं झाली, अण्णा. लोक विहिरीच्या मोटारीसुद्धा कोरेगावला न्यायला लागले. बाजारात इस्माईलभाई समोरून आले की मी पदर पुढं ओढून रस्ता बदलायची. त्यांना वाटत असेल, भाऊ तशी बहीण.

तुला मी एकदाच सांगणार होते. साताऱ्याच्या दवाखान्यात, तू जायच्या दोन दिवस आधी. तू डोळे मिटून पडला होतास. एकदम म्हणालास, "इसम्यानं तसं कराय नको हुतं."

मी तुझ्या हाताजवळ बसले होते. खोलीत कुणी नव्हतं, पडदाही नव्हता. माझ्या तोंडात शब्द आले होते. तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस आणि मी म्हणाले, "पानी देऊ का?"

तू दोन घोट प्यायलास. आता रोज माझा त्यावर विचार चालतो. ते वाक्य तू मला ऐकवण्यासाठी म्हणाला होतास का? तुला शंका होती का? की तुला नुसता मित्र आठवला होता? पाणी दिलं नसतं तर तू अजून काही बोलला असतास. मी पाणी देऊन तुझं बोलणं बंद केलं.

तुझ्या मातीला इस्माईलभाई आले होते. नदीवर सगळ्यांच्या मागं, टोपी हातात घेऊन उभे होते असं मला मागाहून कळलं.

परवा मी त्यांच्या दुकानात गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. ते मोटारीत तार भरत होते. मला बघून उठले, स्टूल पुसून दिलं. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते. उभ्यानंच सगळं सांगितलं, चिकटपट्टीपासून सुरीपर्यंत. मला वाटलं होतं, ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांच्या हातातली तार सुटून जमिनीवर उलगडत गेली.

"सुरीनं तुमी खरवडलं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"बाळूनं न्हाई?"

"त्याला म्हाईतच न्हवतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुला सांगणं माझं काम आहे, म्हणून लिहिते. पुढच्या वर्षी सुभेदार काका हेडलाइटच्या वायरिंगसाठी गाडी त्यांच्याकडं घेऊन गेले होते. त्यांनी युनिट काढलं आणि खाली ती खरवडलेली जागा दिसली. नव्या रंगावर सुरीचे ओरखडे. त्यांना सगळं कळलं. फक्त एक चुकीचं कळलं. त्यांना वाटलं, ते तू खरवडलंस. तुला चूक सापडली, ती तू गुपचूप दुरुस्त केलीस, आणि तरी चार लोकांत त्यांचं नाव खराब करत राहिलास.

"म्हनून मी आलो न्हाई," ते म्हणाले. "म्हनलं, त्याला ठावं हाय. त्यानं यावं. यील आज, यील उद्या. आवं, दवाखान्यात बी मी खालच्या दारापतूर आलो हुतो. म्हनलं, खोटारड्याला काय बघायचं. तसाच माघारी गेलो." मग तोंडावर हात फिरवून म्हणाले, "त्यो खोटं बोलत न्हवता. नुसता चुकला हुता. चुकल्याला तर मी कवाच माफ केलं आसतं."

मी तुझी लाज राखत होते, असं मला चार वर्षं वाटत होतं. मी तुला त्यांच्या नजरेत लबाड करून ठेवलं होतं. खालच्या दारापर्यंत आलेला माणूस माझ्यामुळं परत गेला, आणि वर मी तुला पाणी पाजत होते.

मी त्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले.

"माझ्या फुडं सांगून काय उपेग?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण त्यात माया नव्हती. "बाळू ज्यांच्या फुडं बोलला, त्यांच्या फुडं सांगा. मी संगं येनार न्हाई. मी सांगाय लावलं आसं वाटंल."

आज सकाळी मी जगूच्या टपरीवर गेले. जाताना दोनदा परत फिरले. बाकांवर सहा-सात माणसं होती, सुभेदार काका पेपर वाचत होते. बाई टपरीवर आली म्हणून सगळे गप्प झाले. जगूला वाटलं मला काही पाहिजे. त्यानं चहाचा ग्लास माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, "सुबेदार काका, तुमच्या गाडीची कॉइल चांगली हुती. इस्माईलभाईंची. पैल्यापासून."

"पुन्ना सांग, पोरी," ते म्हणाले. त्यांना कमी ऐकू येतं. मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.

मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या की आता. गेल्याली मानसं. कशाला चुका काढायच्या मेस्त्रींच्या?"

मी वळले. "मेस्त्रीची चूक न्हाई. अर्थिंगवर रंग मी दिला. मलाच घावलं, मीच खरवडलं, आन् मीच गप बसले. माझ्या भावाला कायबी ठावं न्हवतं."

सुभेदार काकांनी पेपरची घडी घातली. "मी बी तेच सांगत फिरलो की गं, सगळ्या पंचक्रोशीत," ते म्हणाले, टोपी घातली आणि बाजारगल्लीच्या दिशेनं चालू लागले. मीही घरी आले. इस्माईलभाई त्यांना काय म्हणाले, मला माहीत नाही. ते माझ्याशी पुन्हा बोलतील की नाही, तेही माहीत नाही.

मी तिथं सगळं मिळून किती बोलले असेन, अण्णा? बोलणं संपलं तेव्हा हातातला चहा अजून पिण्याएवढा गरम होता. तू असताना सांगितलं असतं, तर त्याहून जास्त वेळ लागला नसता.